साडेआठला सुरू होणारा उद्या

सरांच्या वाढदिवसाला मी एकदा सकाळी दहा वाजता त्यांच्या घरी गेलो. हातात अर्धापूरहून आणलेला केळीचा घड, तोंडावर शिष्याला शोभेल असं हसू. सर नांदेडच्या जुन्या गावात राहायचे. दार त्यांनीच उघडलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "उशीर केलास, केळीवाले. वाढदिवस साडेआठला संपला. आता उद्या चालू आहे."

केळी मात्र आत घेतली.

हा विनोद नव्हता. पाऊस मोजणाऱ्यांचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला तो आजच्या तारखेला लिहायचा. साडेआठ वाजून एक मिनिटानं थेंब पडला तर तो उद्याचा. पाऊस मोजणारे बाकीचे लोक हा नियम वहीपुरता पाळतात. सरांनी तो संसाराला लावला होता. भाभी सांगायच्या, "निकाह सकाळी नऊला झाला. म्हणजे मी एका तारखेला लग्न केलं आणि यांनी दुसऱ्या. आमची सालगिरह अजून एका दिवशी आलेली नाही."

सर त्यावर गंभीरपणे म्हणायचे, "काजीसाहेब अर्धा तास लवकर आले असते तर सगळं बराबर झालं असतं."

सर इंजिनिअरिंग कॉलेजात पाणी शिकवायचे. घराणं जिल्दसाजांचं, वडील, आजोबा, सगळे पुस्तकं बांधणारे. "आमच्या घरात पुस्तक उघडून बघणारा पहिला मीच," असं ते सांगत. संशोधनाचा विषय असा, की एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस कोसळू शकतो आणि मग पाणी कुणाच्या घरात किती वर चढतं. आणि हे कुठं, तर मराठवाड्यात! चहाच्या टपरीवर बाकीचे मास्तर म्हणायचे, दुष्काळात पुराचा डॉक्टर म्हणजे टकल्यांच्या गल्लीत न्हावी. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूशच झाले. "न्हाव्याला विचारा. टकल्याच्या डोक्यावर पण एखादा केस असतो, आणि तोच त्याला सगळ्यात जास्त छळतो."

त्यांचं वैर एकाच शब्दाशी होतं, सरासरी. पेपरात 'जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' असं छापून आलं की त्या पानाला ते घडी घालून चपलेखाली ठेवायचे. "सरासरीत कुणी बुडत नाही, बाबा. माणूस बुडतो एका दिवसात. मला तो दिवस दाखवा."

तो दिवस शोधायला ते नदीकाठच्या गल्ल्यांमधून हिंडायचे. हातात खुणा केलेला लांब बांबू, मागं निळ्या रंगाचा डबा घेऊन मी. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी भिंतीवर हात ठेवला की तिथं निळी रेघ. "साल विचारू नको," सर सांगायचे. "लोकांना साल आठवत नाही, लग्न आठवतं." म्हणून रेघेशेजारी लिहिलेलं असायचं, 'थोरलीच्या लग्नाचा पूर', 'म्हैस गेली तो पूर'. आम्ही दिसलो की लोक ओट्यावरची खोकी भराभर आत घ्यायचे. त्यांना वाटायचं, अतिक्रमणवाले आले.

एकदा सर पुढच्या घरात चहाला अडकले आणि एका कापडवाल्याची साक्ष मी एकट्यानं घेतली. शेठजींनी गळ्यावर आडवा हात ठेवला. "इथपर्यंत!" मी तत्परतेनं त्यांच्या गळ्याच्या उंचीवर रेघ मारली. नावसुद्धा सुबक अक्षरात लिहिलं. सरांनी येऊन रेघ बघितली, शेठजी बघितले आणि विचारलं, "शेठ, पूर आला तेव्हा तुम्ही या ओट्यावर उभे होता का?"

"नाही हो. रस्त्यावर होतो."

शेठजी आता उभे होते ते ओट्यावर. ओटा कमरेएवढा. सर माझ्याकडं वळले. "तुझ्या रेघेप्रमाणे अर्धं नांदेड बुडालं होतं, केळीवाले. फक्त कुणाला कळलं नाही."

मी फडक्यानं रंग पुसायला लागलो तर त्यांनी हात धरला. "खोडायचं नाही. चूक राहू दे, त्याच्या शेजारी बराबर लिही." त्या भिंतीवर दोन्ही रेघा बरीच वर्षं होत्या. वरच्या रेघेवर फुली. ती फुली म्हणजे मी.

असल्या माणसाला सरांनी साहाय्यक म्हणून ठेवलं कसं, हे मला पुष्कळांनी विचारलंय. कारण एकच, माझं अक्षर. "डोकं ठीकठाक आहे," ते भाभींना माझ्यादेखत म्हणाले होते, "पण शून्य बघ. कंपासनं काढल्यासारखं." पावसाच्या वहीत मराठवाड्यात सगळ्यात जास्त लागणारा आकडा शून्यच, तेव्हा माझी निवड शास्त्रीयच म्हणायची.

वही हातात देताना त्यांनी एकच नियम सांगितला होता. "शून्य म्हणजे मी गेलो, मी पाहिलं, पाऊस नव्हता. गेलाच नाहीस तर आडवी रेघ मार. रेघ मारायला लाजू नको. रेघ म्हणजे मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही म्हणायला फार मोठा माणूस लागतो असं काही नाही, तू पण चालशील."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरला नसता.

भूकंपाच्या साली मी सरांच्या कामासाठी लातुरात होतो. दालमिलच्या मागं एक रिकामा प्लॉट होता, कडेला ओढा आणि मधे कडुलिंब. लिंबापासून पुरेसं लांब, वरच्या अंगाच्या उघड्या उंचवट्यावर, सरांनी आपला पर्जन्यमापक पुरला होता. वर नरसाळं, खाली बाटली, आणि रोज साडेआठला ते पाणी मापाच्या काचपेल्यात ओतून वहीत लिहिणारा मी. त्या पहाटेबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा गेल्या, खेड्यांमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टपाल पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिलं कार्ड सरांचं. वरच लिहिलेलं, 'नरसाळं सपाट आहे का? गवंड्याची पाणसळ लावून बघ.' मला असा संताप आला की कार्ड फाडणार होतो. मग खालची ओळ दिसली. 'तू कुठं झोपतोस? पत्र्याखाली झोप. दगडाखाली नको. भाभी रोज विचारते.'

मी पाणसळ लावून बघितली. नरसाळं सपाट होतं.

त्यानंतर लातूर पत्र्याखालीच राहायला लागलं. वरचा मजला म्हटलं की बायका कानावर हात ठेवायच्या. आणि त्याच सुमाराला गावात क्लासांचं पीक आलं. त्या वर्षांत लातुरात दोनच गोष्टी पोत्यांनी निघायच्या, तूर आणि टॉपर. दालमिलच्या अलीकडं एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचा क्लास होता. अण्णा मूळचे निलंग्याकडचे, पांढरी सफारी, बोलणं तोफेसारखं. त्यांना फिजिक्सला मास्तर हवा होता, मला पत्र्याखाली बसायला जागा. बॅच आठ ते नऊ.

आठ ते नऊ. आणि पाऊस मोजायचा साडेआठला.

आता मी खरं सांगतो. इतकी वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. पहिला आठवडा मी पोरांना गणित घालून प्लॉटवर पळत गेलो. अण्णांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "ओ मास्तर, बॅच चालू असताना बाटली बघायला जाऊन राहिलात? पालकांना काय सांगू?" दुसऱ्या आठवड्यात मी नऊनंतर जायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात जमेल तेव्हा. बाटली कायम कोरडी. शेवटी पावसाळ्यातल्या एका पहिल्या तारखेला, निवांत बसून, मी अख्ख्या महिन्याची शून्यं आगाऊ लिहून टाकली. काय सुरेख आली होती! एकाखाली एक, मोत्याच्या सरासारखी. पाऊस झालाच तर दुरुस्त करू, असा विचार होता. सर नांदेडला आल्यागेल्याला ते पान दाखवायचे. "बघा, याला म्हणतात निरीक्षक."

मोठा पाऊस आला तो त्या मोत्यांच्या महिन्यातच. आठच्या बॅचला पत्र्यावर असा आवाज की माझाच आवाज मला येईना. पोरं खुणेनं विचारायला लागली, मी फळ्यावर लिहायला लागलो. साडेआठला माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली, बाटली आठवली, आणि मी पुढचं सूत्र लिहिलं. त्यानंतर दोन दिवस प्लॉटकडं जायला वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी गेलो तर बाटली भरून ओसंडलेली, खालचा डबाही काठोकाठ. वहीत त्या तारखेला माझं गोल शून्य. दुरुस्त केलं तर सर विचारणार, नेमका किती? आणि त्या दिवशीच का नाही मोजला? मी इकडंतिकडं बघितलं आणि सगळं पाणी कडुलिंबाच्या मुळाशी ओतून दिलं.

वही नांदेडला पोचली. सरांनी शून्य वाचलं आणि विश्वास ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी तोच प्लॉट घेतला, मुलींच्या हॉस्टेलसाठी. जाहिरातही ठरली होती, 'सर्व खोल्या तळमजल्यावर. भूकंपाची भीती नको.' पालकांची रांग लागली. रांगेत माझी बहीण पण होती. अर्धापूरहून येऊन भाचीचं नाव नक्की करून गेली. "वरच्या माळ्यावर लेक ठेवणार न्हाई मी. आन तू हाईसच की तिथं," ती म्हणाली.

अण्णांनी मला सांगितलं, "तुमच्या सरांना कळवा, ती बाटली उचला म्हणावं. सोमवारी पायासाठी चुन्याची फक्की मारायची हाय."

सर पहिल्या एसटीनं आले, बांबूसकट. पर्जन्यमापकाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थेट दालमिलच्या चौकीदाराकडं गेले. साठी ओलांडलेला माणूस, सगळे त्याला मामा म्हणायचे.

"मामा, हा ओढा कधी वर येतो का?"

"येतो म्हंजे? मागल्या साली लई आलतं की पाणी. आमच्या जोत्याची तिसरी पायरी बुडली. ही बगा, इथवर. त्या पलाटाच्या खालच्या अंगाला माणूस बुडंल एवढं."

"कधी?"

"मिलमदी हळद-कुंकू व्हतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्याला. पाऊस बी लई व्हता."

सरांनी मिलमधून तारीख काढली, पिशवीतून वही काढली, माझं पान उघडलं. शून्य. तहसीलच्या मापकात त्या दिवशी जेमतेम पाऊस. पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मोठा पाऊस कधी कधी एकाच अंगाला ओततो, हे सरच शिकवायचे. मापक तर इथं पन्नास पावलांवर होता, आणि त्यात शून्य होतं.

"मामा खोटं बोलणारा माणूस दिसत नाही," सर म्हणाले. "पावसाचा दिवस चुकत असतील, पायरी चुकणार नाहीत. आणि माझा माणूस तर इथंच होता. मग पाणी आलं कुठून?"

मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "वर कुठं तळं फुटलं असंल, सर."

त्या एका वाक्याची शिक्षा मला तीन दिवस झाली. भर उन्हाळ्यात आम्ही ओढ्याच्या उगमाकडं चालत निघालो, फुटलेलं तळं शोधायला. पुढं सर, मागं बांबू घेऊन मी. पहिल्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याला सरांनी विचारलं, "इकडं मागच्या साली तळं फुटलं होतं का?"

तो आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "फुटायला तळ्यात पाणी लागतंय, साहेब."

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सर एकदम थांबले. डोळे चमकत होते. "केळीवाले, भूकंप! जमिनीच्या पोटात भेग पडली असणार आणि आतला झरा वर आला असणार. पाऊस नसताना पूर! यावर मोठा निबंध होईल. तुझ्या शून्यावर उभा राहील सगळा."

"मग हॉस्टेल, सर?"

"झऱ्याचं कोण सांगणार, पुन्हा येईल की नाही? अण्णांना थांबवायला माझ्याकडं काय आधार आहे? वही सांगते, पाऊस पडला नव्हता."

सोमवारी फक्की पडणार. त्या फक्कीच्या आत कुठंतरी भाचीची खोली. आणि इकडं माझ्या आळसातून जमिनीच्या पोटात झरा फुटायला लागलेला. आजवर माझ्या चुकांनी भिंती रंगल्या होत्या, आता त्या छापून येणार होत्या.

"सर," मी म्हणालो, "झरा नाही. तळं पण नाही."

"मग?"

"पाऊस होता."

"तुला काय ठाऊक?"

"मी होतो ना. म्हणजे नव्हतो. म्हणजे पावसात होतो, मापकापाशी नव्हतो."

आणि मग मी सगळं सांगितलं. आठ ते नऊची बॅच, आगाऊ लिहिलेली शून्यं, सगळं. सर बांधावर बसले. एक बूट काढला, खडा झटकला, पुन्हा घातला.

"बाटलीतलं पाणी?"

"ओतलं."

"कुठं?"

"कडुलिंबाला."

"कडुलिंबाचं भलं झालं." त्यांनी पिशवीतून वही काढली. "किती शून्यं खोटी आहेत?"

"मोजली नाहीत, सर."

"ती पण नाही मोजलीस!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच उतरला. "तीन दिवस मी त्या म्हाताऱ्यावर शक घेत होतो. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं मला सांगितलं, आणि मी तुझ्या गोल अक्षराकडं बघत बसलो."

मला वाटलं, आता वही माझ्या हातातून कायमची जाणार. ती उलट माझ्या मांडीवर आली, सोबत तांबडी पेन्सिल. प्लॉटवर परत येऊन, कडुलिंबाच्या सावलीत बसून दुपारभर मी दोन पावसाळ्यांची शून्यं तपासली. ज्याची खात्री नाही त्याच्या शेजारी आडवी रेघ. खोडायचं नाही. संध्याकाळपर्यंत वही नांगरल्यासारखी दिसायला लागली. सरांची दोन वर्षांची मेहनत होती ती.

"आता तू निरीक्षक नाहीस," सर म्हणाले. मी मान खाली घातली. "तू साक्षीदार आहेस. सांग. पाऊस कधी थांबला?"

"बॅचभर चालू होता."

"साडेआठला पडत होता? नक्की?"

"नक्की, सर. मी साडेआठला घड्याळ बघितलं होतं."

"का बघितलंस?"

"बाटली आठवली म्हणून."

त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं. "चोराची नजर घड्याळावर असते. चांगली साक्ष आहे."

पण किती पडला? ते मामांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी एक सरळ बाजूचं पत्र्याचं पिंप घासून उघड्यावर पालथं नाही, उताणं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नळ येणार होता. नळ आला नाही, पण सकाळी पिंपात पाणी होतं.

"किती, मामा?"

"एक वीत आन वर दोन बोटं. हात घालूनच बगितलं व्हतं मी."

"पिंप पन्हाळीखाली तर नव्हतं?"

"छ्या! अंगणात मदोमद."

सर लहान मुलासारखे हसले. सरळ बाजूचं रिकामं पिंप उघड्यावर म्हणजे पर्जन्यमापकच की; आमच्या मापकापासून पन्नास पावलांवर, आणि माझ्यापेक्षा प्रामाणिक. त्यांनी मामांचा पंजा वहीवर पसरला, पेन्सिलीनं त्याची कड काढली आणि पट्टी लावली. मामा गोंधळले. "गुरुजी, हात बगून भविष्य सांगून राहिले का?"

"हौ, मामा. तुमचं नाही, पाण्याचं." मग पट्टी बाजूला ठेवून ते म्हणाले, "आणि माफ करा. मी तीन दिवस तुमचं ऐकलं नाही."

रविवारी आम्ही अण्णांकडं गेलो. अण्णा आपल्या ऑफिसात टॉपरांच्या फोटोंखाली बसले होते.

"पूर?" अण्णा गडगडले. "साहेब, लातुरात प्यायला पाणी न्हाई आन तुम्ही पुराचं सांगून राहिलात! इथं सरासरी पाऊस किती पडतो, ठाऊक हाय का?"

मी डोळे मिटले. तो शब्द. पण सर शांतपणे भिंतीकडं बघत होते. "तुमच्या क्लासची सरासरी काय आहे, अण्णा?"

"आँ?"

"पोरांना सरासरी किती मार्क पडतात?"

"सरासरी कोण छापतंय? आमच्या पाटीवर टॉपर असतो. लोक टॉपर बघून येतात."

"बराबर. पावसाचं पण तसंच आहे. सरासरी पावसानं कुणाचं काही होत नाही. ओढा फक्त टॉपरला ओळखतो." त्यांनी वहीवर काढलेला मामांचा पंजा टेबलावर ठेवला. "हा मागच्या सालचा टॉपर. यापेक्षा हुशार पुढं येणार नाही असं तुम्ही पालकांना लिहून द्याल?"

अण्णांनी पंजा बघितला, फोटो बघितले, माझ्याकडं बघितलं. "मास्तर, वहीत तर शून्य हाय म्हणत होता तुम्ही."

"मी आठ ते नऊ तुमच्याकडं होतो, अण्णा," मी म्हणालो. "शून्य खोटं आहे. माझी भाची तिथं राहणार आहे."

फक्की सोमवारी पडली नाही. आठ दिवसांनी पडली, ओढ्यापासून हटून. "भूकंपाला भिता ते ठीकच आहे, मजला चढवू नका," सरांनी सांगितलं. "जोतं चढवा. मामांच्या तिसऱ्या पायरीच्या वर, आणि वर मामांची एक वीत." अण्णा मुरमाच्या गाड्या आणताना मला रोज ऐकवायचे, पण त्यांनी सात पायऱ्यांचं जोतं बांधलं. मापक हॉस्टेलच्या अंगणात, पायऱ्यांच्या वर गेला. माझी बॅच नऊवर गेली, ते अण्णांकडून कबूल करून घेणं मात्र मला कालचक्र फिरवल्यासारखं अवघड गेलं.

मग दोन पावसाळे कोरडे. कोरड्या ओढ्याकाठी ते उंच हॉस्टेल असं दिसायचं की रिक्षावाले विचारायचे, "अण्णांची होडी कधी सुटणार?" अण्णा तो प्रश्न मला पोचता करायचे. भाची म्हणायची, "मामा, पायऱ्या चढून गुडघे गेले, फिजिक्स काय करू?" रविवारी मी अर्धापूरला गेलो की साडेआठचं माप ती घ्यायची. एका रविवारी तिनं रेघ मारली आणि पुढं लिहिलं, 'झोपले होते'. सरांनी ती ओळ वाचून नांदेडहून तिला शाबासकीचं कार्ड पाठवलं. मला तसं कार्ड कधी आलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात तो दिवस आला. सकाळी सातला मी मांडीएवढ्या पाण्यातून हॉस्टेलकडं निघालो तेव्हा मामा मिलच्या जोत्यावरून ओरडत होते, "मास्तर, डाव्या अंगानं या! तिसरी पायरी गेली बगा!" त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा अभिमान जास्त होता. हॉस्टेलच्या पाच पायऱ्या पाण्यात होत्या. दोन कोरड्या. वर व्हरांड्यात पोरी शाली गुंडाळून, पुस्तकं मांडीवर घेऊन पाण्याकडं बघत बसल्या होत्या, आणि कुणीतरी सगळ्यांसाठी चहा टाकला होता. अण्णा आधीच आले होते, सफारी गुडघ्यापर्यंत दुमडून. सहाव्या पायरीवर तळहात टेकून नुसते बसून राहिले.

साडेआठला मी काचपेला घेतला. बाटली भरून पाणी खालच्या डब्यात उतरलेलं. मी पेला भरायचो, भाची मोठ्यानं आकडा म्हणायची. चार पेल्यांनंतर अख्खा व्हरांडा तिच्याबरोबर आकडे म्हणायला लागला. टॉपर पार झाला होता. मी वहीत लिहिलं. बोटं ओली, कागद ओला; अक्षर पहिल्यांदाच वाईट आलं.

हॉस्टेलच्या ऑफिसातला फोन वाजला. सर.

"किती?"

मी आकडा सांगितला. पलीकडं सरांनी तो लिहून घेतला.

"पोरी?"

"चहा पिऊन राहिल्यात, सर. दोन पायऱ्या कोरड्या आहेत. अण्णा म्हणतात, येताना निळा रंग आणा."

"आणि मोजलेलं पाणी?"

"कडुलिंबाला ओतलं."

सर हसले. एवढं मोठ्यानं, की फोनजवळ उभे असलेले अण्णा पण हसायला लागले. मग ते म्हणाले, "घड्याळ बघ. किती वाजले?"

"नऊला दहा."

"म्हणजे उद्या सुरू होऊन वीस मिनिटं झाली. बाटली परत लावलीस?"

मी बाहेर बघितलं. पाऊस पडतच होता. पेला माझ्या हातात, बाटली लावल्याचं मला काही आठवेना. "अरे देवा," एवढंच मी म्हणालो.

"पळ, केळीवाले!"

मी फोन तसाच टाकून अंगणात धावलो, घसरलो, उठलो, नरसाळं उचललं. खाली बाटली होती. रिकामी, पुसलेली, सरळ. तळाशी बोटभर पाणी जमायला लागलेलं. व्हरांड्यातून भाची म्हणाली, "साडेआठलाच लावली, मामा. तुम्ही वहीत लिहीत होता तेव्हा."

वही तिच्या मांडीवर होती. माझ्या वाकड्या आकड्याखाली तिनं उद्याची तारीख घालून ठेवली होती. तारखेपुढची जागा मात्र तिनं कोरीच सोडली होती.